संयुक्त विद्यमाने

तीन दिवसांचं प्रशिक्षण. चहा दोनदा,
बिस्किटं पहिल्या रांगेपुरती.
भिंतीवर थर्माकोलची अक्षरं:
जिल्हा प्रशासन, पुण्याची एक संस्था, बाजार समिती,
संयुक्त विद्यमाने.
त्यातला 'क्त' सुटला होता एका टाचणीवर
आणि पंख्याखाली दिवसभर मान हलवत होता.

मी निलोफर मुजावर, मंडळ अधिकारी.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं,
"तुमची नेतृत्वशैली कोणती?"
मी म्हणाले, निळ्या शाईची.
कुणी हसलं नाही.
गोगटे सरांनी फळ्यावर लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या.
कुणी दूध संघात, कुणी मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळीला,
कुणी एसटी डेपोत.
मला आलं सांगलीचं मार्केट यार्ड, हळदीची गल्ली,
आणि तातोबा लवटे, हमालांचा मुकादम,
मूळचा जतचा.
पस्तीस माणसं, एक वही, कानावर पेन्सिल.

करारात त्याच्या नावापुढं छापलं होतं: ज्ञान-भागीदार.
त्यानं बोट ठेवून ते दोनदा वाचलं,
घडी घातली, बंडीच्या खिशात सारली.
"भागीदार म्हंजे बाई,
तोटा बी वाटून घ्यायचा न्हवं?"
मी करार पुन्हा चाळला.
नऊ कलमं होती. तोट्याचं नव्हतं.

ट्रक लागला तेव्हा त्यानं पोती मोजली नाहीत,
आधी माणसं मोजली:
कोण लंगडतोय, कुणाच्या तोंडाला रात्रीचा वास,
कुणाची बायको दिवस भरलेली.
मग पहिलं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं.
साठीच्या पुढचा माणूस.
"वजन काट्याला कळतंय,
पर आज ते किती जड हाय, ते पाठीला."

अकराच्या सुमाराला दस्तगीर आणि विलास भिडले,
पाळीवरून, आईबहिणीपर्यंत.
तातोबा ओरडला नाही.
सगळ्यात फुगलेलं पोतं दाखवलं,
"ह्ये दोघं मिळून थप्पीला लावा."
ते गेले, एकमेकांकडं न बघता, पाऊल मात्र जुळवून.

मला आठवले माझे दोन तलाठी,
तीन वर्षं अबोला धरलेले.
मी दोघांना वेगवेगळ्या नोटिसा दिल्या होत्या,
एकाच मजकुराच्या.

दुपारी त्यानं भाकरी मोडून आधी मला दिली.
ठेचा. कांदा हातानं फोडलेला.
माझ्या बाहीवर, नखांत, पावाच्या रंगाच्या पर्सवर
हळद बसली होती, लग्नघरातल्यासारखी.
मग तो सहज म्हणाला,
"वारस लागायला किती दिस जात्यात, बाई?"
मी नियम सांगितला, पाठच होता.
"बेडगात दिलेली बहीण हाय माझी.
दाजी गेले. अर्ज देऊन अकरा म्हयनं झालं."

बेडग माझ्याच मंडळात येतं.
मी कोण ते त्याला सकाळपासून ठाऊक होतं.
त्यानं पाठ दाखवली, वही दाखवली,
भाकरी दिली,
आणि मगच विचारलं.

तिसऱ्या दिवशी गोगटे सर म्हणाले,
काय शिकलात ते तीन मुद्द्यांत मांडा.
मी एकच लिहिला: हौसाबाई पांढरे, बेडग, वारस नोंद.
सर म्हणाले, मॅडम, हे शिकणं नाही,
हे तर काम आहे.
प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझाच पिवळा अंगठा उमटला.

सोमवारी ऑफिसात दोन्ही तलाठ्यांना हाक मारली.
"कपाट पुढं ओढायचंय, मागं बघायचंय."
एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरा,
मधे मी, पदर खोचून.
बरंच काही पडलं होतं मागं:
उंदरानं खाल्लेलं एक दप्तर, दोन पावत्या,
कुणाचातरी पासपोर्ट साइज फोटो.
"डावीकडं घे की जरा," एक म्हणाला.
दुसऱ्यानं घेतलं.

अर्ज मात्र तिथं नव्हता.
तो माझ्या टेबलाच्या खणात होता, खालून चौथा,
कोपऱ्यात माझ्याच अक्षरात शेरा,
निळ्या शाईत:
पाहावे.