अकरा मिरच्या, ग्रिम्सबी

रेडिएटरच्या वर, काचेला नाक लावून
तीन रोपं. बाहेर समुद्राचं करडं वारं.
मधमाशी या मजल्यापर्यंत येत नाही, म्हणून मीच
रात्रपाळीहून आल्यावर, कोटसुद्धा न काढता,
कान कोरायच्या काडीनं
या फुलाचं त्या फुलाला सांगून येते.

जूनपासून आजवर अकरा मिरच्या.
अकरा. मोजल्यात.

सात वाटल्या, लसूण नि व्हिनेगर घालून,
खिडक्या सताड उघड्या टाकून.
तरी वरचा नॉर्मन ठसकत जिना उतरला,
हातात चिप्सचा पुडा.
वीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस.
"काय जाळतेयस?"

मी एका चिपवर थेंबभर सॉस टाकला.
आधी कान लाल झाले, मग मान,
मग डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत.
"वाईट नाही," म्हणाला,
आणि पुडा पुन्हा पुढे केला.

दोन मी भाकरीशी खाल्ल्या,
एक बियांसाठी वाळतेय.
राहिली एक, झाडावर.

नॉर्मन जिन्यात भेटला की
आवाज खाली आणून विचारतो, "कशी आहे?"
घरात जणू बाळंतीण आहे.

हिरवी, सांगते मी.
अजून हिरवीच.