वीतभर लोकर

तुमचं काम कसं चालतं ते एकदा मांडून दाखवा,
असं पुण्याहून आलं.
वाळूजच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात तेव्हा लाइट गेलेली,
म्हणून कात्री काढली.

पंख्याचा खोका पडून होता, त्याचे चौकोन कापले.
चौकोन म्हणजे काम.
गोल म्हणजे शंका.
त्रिकोण म्हणजे थांबा, कुणाची तरी सही यायचीय.
इरफानानं कडा घासून घेतल्या,
कुठलाही तुकडा कुठंही बसावा, उचलता यावा.
एकापासून दुसऱ्याकडे लाल लोकर,
तिच्या पोराच्या स्वेटरमधून उरलेली.

दुपारपर्यंत पंपाचं एक झाकण
भिंतीवरून चालू लागलं:
गिऱ्हाइकाचा मेल, कच्चं स्केच, मापं,
शंका, मापं, शंका,
पुन्हा स्केच.
आम्हाला वाटायचं काम पुढं जातं.
लोकर तर सारखी मागं वळत होती.

त्रिकोण संपले.
रेवणच्या मुलीच्या बारशाचा बालूशाहीचा खोका फाडून
अजून अकरा केले.
भिंतीला तूप लागलं. लागू दिलं.

संध्याकाळी पॅटर्न शॉपमधून मुंजाजीमामा वर आले,
कानामागं पेन्सिल, भुवयांत लाकडाचा भुसा.
उजवीकडून वाचलं, मग डावीकडून.
"समदं दिसायलंय. मी कुठाय?"

आम्ही पाहिलं.
'ड्रॉइंग मंजूर', मग 'साचा तयार',
मधे नुसती वीतभर लोकर.
त्या वीतभरात हा माणूस
आमची एकेक जाडी बोटानं चाचपतो,
इथं धातू आकसंल म्हणतो,
पेन्सिलनं दोन मिलिमीटर वाढवतो
आणि कुणाला सांगत नाही.
नऊ वर्षं आमची झाकणं बिनचूक बसतात.
आम्ही त्याचा पगारवाढीत उल्लेख केलाय,
आमच्या.

चौकोन दिला, घेतला नाही.
गोल?
"शंका न्हाई मला."
लोकर जराशी उचलून
खालच्या चुन्यावर अंगठा टेकवला.
"हितं ऱ्हातो."
शिशाचा काळा ठसा.

फोटो पाठवला. उत्तर आलं: छान आहे,
मधला डाग तेवढा पुसून परत पाठवा.
इरफानानं लिहिलं, तो डाग नाही, टप्पा आहे.

चार दिवस झाले.
ठशाच्या पुढं आम्ही
एक त्रिकोण लावलाय.