साडेसहाशे पौंड

हडर्सफील्ड. हीटिंग सतरावर.
टेबलावर ओजसची वही:
अर्धे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाने गिळलेले,
तेही वापरलेलं, ब्रॅडफर्डच्या कुणा कीथकडचं.
प्रोसेसर एक पायरी खाली उतरवला,
रॅम सोळावरच थांबवली.
"काचेची केस नको," तो आपणहून म्हणाला
आणि रंगीत दिव्यांवर फुली मारली,
जरा जोरातच.

पॉवर सप्लाय मात्र सगळ्यात स्वस्तातला धरलेला.
तिथे मी पेन हातात घेतलं.
अकरा वर्षं आयसीयूत रात्रपाळी, बाळा.
पेशंटच्या आधी मी प्लग बघते.

बावीस पौंड वाढले.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग भिंतीवरच्या सतराकडे.
"एकदा सुरू झालं ना,
की खोलीपण तापवेल गं ते."