डंप क्रमांक चार

मी खेपा मोजायचो. दिवसाला अकरा, कधी बारा.
दहा चाकांचा टिप्पर, पिसुर्ल्याच्या खाणीतून धक्क्यावर.
नको असलेली माती इथे ओतायचे,
डोंगराशेजारी दुसरा डोंगर;
त्यावर टाकळासुद्धा धरला नाही कधी.

आता मी उतारावर काथ्याची जाळी अंथरतो.
इर्मा कुलासो मडगावच्या लॅबमधून बरणी आणते,
मांडीवर धरून, बसमधून.
आत बुरशी.
"मुळांना हात देते ही," म्हणते,
आणि खड्ड्याखड्ड्यात चिमूट सोडते
पेजेत मीठ सोडावं तशी.

करंजं तिसऱ्या वर्षी कमरेला लागली.
ती मीटर मातीत खुपसून आकडा सांगते,
मी वहीत उतरवतो.
वही तीच. मागच्या पानांवर खेपा आहेत.
फाडलेली नाहीत.

काल एका बुंध्याशी गांडुळानं काढलेली माती दिसली,
मोहरीएवढ्या गोळ्या.
आम्ही उकिडवे बसून बघत राहिलो
पाळण्यात वाकून बघावं तसे.

"आणि खालची विहीर?" मी विचारलं.
आमचीच ती. खाण खोल गेली, तशी आटली.
इर्मानं मीटरचं टोक पुसलं.
पुन्हा पुसलं.
"पाण्याचं मला येत नाही, शाणू."

मग पुढचा खड्डा.