खरवडलं तेवढंच

अक्कलकोट रोडच्या फाउंड्रीत मी कोर बनवते.
म्हणजे पंपाच्या पोटातली पोकळी, वाळूची.
ओतकाम झालं की ती हातोडीने फोडून काढतात.
माझं दिवसभराचं काम घमेल्यातून उकिरड्यावर जातं.

बोद्दुल मास्तर पॅटर्नवाले. निवृत्त झाले तरी येतात,
शेंगाचटणीचा डबा आणि रद्दीतलं एखादं पुस्तक घेऊन.
परवा पान उघडून म्हणाले, बघ की, निंगव्वा,
तीन हजार वर्षांमागचं चिनी भांडं.
तीन पायांवर उभं. पितरांचा नैवेद्य ह्यात शिजायचा.
हिरवं पडलेलं,
आणि अंगावर एक तोंड:
डोळे वटारलेले, खालचा जबडाच नाही.

मेणाचं काम असेल, मी म्हटलं,
आमच्या गल्लीतला ओतारी देवाचे मुखवटे तसेच करायचा.
नाही, म्हणाले. माती.
आधी मातीचंच अख्खं भांडं घडवायचं.
त्यावर ओली माती थापून
साचे उतरवायचे, तुकड्या-तुकड्यांनी.
आणि मग (मास्तरांनी चष्मा काढला)
ते आतलं भांडं खरवडायचं,
सगळीकडून, भाकरीच्या जाडीएवढं.
साचे परत भोवती उभे केले
की खरवडलं तेवढी जागा.
तेवढंच कांसं.

मी चहा खाली ठेवला.

म्हणजे जे झाडून टाकलं
त्याच्या मापाचं भांडं झालं.

जागा हलू नये म्हणून मधे चिपा बसवायचे,
फुटक्या जुन्या भांड्यांच्या.
आम्ही चॅपलेट लावतो, तशाच.
नव्या रसात त्या पुऱ्या विरघळत नाहीत,
एक्स-रे काढला की दिसतात म्हणे:
सुनेच्या भांड्यात सासूच्या भांड्याचे दात.
आणि साच्यांचा जोड?
आमच्याकडे इरण्णा तो ग्राइंडरने घासतो,
ठिणग्या झेलत, शिव्या देत.
त्यांनी त्या जोडावरच
तोंडाचं नाक बसवलं.

आत, तळाशी, अक्षरंही असतात.
मुलांच्या मुलांनी हे कायम वापरावं, असलं काहीतरी.
कोरवर ती उलटी काढायची.
मास्तर गेले, डबा विसरून.

गुरुवारी बंद गिरणीचे बुश भंगारात आले.
तांबं, कथील, थोडं शिसं.
त्यांचंही हेच होतं.
बाहेर बेचाळीस, भट्टीपाशी कुणी मोजत नाही.
रस ओतताना सगळे गप्प असतात,
इरण्णासुद्धा.

त्याआधी एका कोरवर
खिळ्याने माझं नाव काढलं, उलटं.
दोनदा चुकले. ग उलटा लिहिणं सोपं नाही.

शनिवारी तपासणीत म्हेत्रे साहेबांनी
पंपाच्या पोटात बोट फिरवलं, थांबले.
आत जरा खरखरीत लागतंय.

वाळू असेल, मी म्हटलं.

त्यांनी खडूने बरोबरची खूण केली.
पंप मोहोळला गेला, कुणाच्या तरी विहिरीवर.