नजर किंचित डावीकडे

मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
रेकॉर्डिंगच्या आधी कूलर बंद करावा लागतो,
नाहीतर हातवार मॅडमच्या प्रत्येक वाक्याखाली
पाण्याचा पंप बोलत राहतो.
बंद केल्यावर सहा मिनिटं माणूस माणसासारखा दिसतो,
सातव्या मिनिटाला कपाळ चमकतं, मी कट म्हणते,
देवराव उईके उठतो, बटण दाबतो.
हुद्दा प्रयोगशाळा परिचर,
मे महिन्यात काम एवढंच.

हिरवा पडदा इतवारीतून आणलेला:
कोटेशनं तीन, पडदा एक, तोही पोपटी.
पहिल्या दिवशी मॅडम हिरव्या काठांची साडी नेसून आल्या
आणि मॉनिटरवर काठच नाहीसे झाले,
पदराच्या कडेकडेनं लाव्हा वाहायला लागला.
त्या म्हणाल्या, राहू द्या, विषयाला धरून आहे.

पण बोलता येईना त्यांना.
सत्तावीस वर्षं भूशास्त्र शिकवलेली बाई
भिंगासमोर पाठांतराला उभी केल्यासारखी.
"याला डोळा आहे हो," म्हणाल्या, "मान नाही."

म्हणून मी देवरावला म्हटलं,
कॅमेऱ्याच्या बाजूला खुर्ची टाका,
बसा, आणि अधूनमधून मान हलवा.
"अन् नाई समजलं तं?"
नाही समजलं तर हलवू नका.
मी आपलं सहज बोलले होते.

मॉड्यूल चार, प्रस्तरभंग. मान हलेना.
मॅडम अडल्या. स्क्रिप्ट खाली ठेवली.
दोन जाड रजिस्टरं शेजारी शेजारी धरली,
एक हळूच खाली सरकवलं.
मान हलली.
तेवढं मी ठेवलं. बावीस हजारांचं ॲनिमेशन काढून टाकलं,
त्याचा हिशेब अजून ऑडिटला द्यायचा आहे.

समितीला चार चौकटी भरून हव्या होत्या:
मजकूर, चित्रफीत, स्वाध्याय, चर्चा.
चौथ्या चौकटीत आम्ही 'लवकरच' असं टाइप करून ठेवलेलं.

मॉड्यूल सतरा.
टाकळीच्या बाजूचे थर: लाव्हा, त्यावर मातीचा पातळ पट्टा,
त्यावर पुन्हा लाव्हा.
पट्ट्यात गोगलगाईंचे शंख, दगड झालेले.
सातवं मिनिट. कट. कूलर.
वाळ्याचा ओला वास खोलीभर,
मॅडम पदरानं मान पुसताहेत,
आणि देवराव, बटणावरचा हात तसाच,
"म्याडम, हा लाव्हा थंडा व्हायले किती वर्सं लागले असन?"

मॅडम हसल्या. अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा.
खुर्ची ओढून बसल्या.
वरची साय लवकर धरते म्हणाल्या, आत धग राहते.
पण दुसरा लाव्हा येईपर्यंत इतका काळ गेला, देवराव,
की पाऊस पडून तळं साचलं,
तळ्यात गवत आलं, गोगलगाई आल्या, मासे आले,
त्यांना वाटलं असेल, झालं आता,
हेच कायमचं.
"मंग?"
मग दुसरा आला.
तो काही बोलला नाही. मानही हलवली नाही.
अकरा मिनिटं.
कॅमेरा बंद करायला मी विसरले होते.

तेच पाठवलं. शेरा आला:
पार्श्वभूमीत यंत्राचा सतत आवाज. पुन्हा चित्रित करावे.
पुन्हा केलं. स्वच्छ झालं.
प्रत्येक अक्षर ऐकू येतं, एकही गोगलगाय नाही.

जूनमध्ये देवरावची ड्यूटी परीक्षा विभागात लागली,
गठ्ठे बांधायला.
खुर्ची मी हलवली नाही.
उरलेली तेवीस मॉड्यूल्स आम्ही तशीच केली,
आणि प्रत्येकाखाली तज्ज्ञांचा तोच शेरा:
वक्त्याची नजर कॅमेऱ्यात नाही,
किंचित डावीकडे आहे.
दुरुस्ती करावी.

दुरुस्तीच्या रकान्यात मी लिहिलं:
तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.