छाट

आधारकार्डावर मी एक जानेवारीला जन्मले.
आमच्या गल्लीत निम्म्या बायका एक जानेवारीच्याच.
त्या हिशोबानं मला अडुसष्ट.
आई सांगायची, मिलच्या संपात तू रांगत होतीस,
त्या हिशोबानं चौसष्ट.
मग मुलाणी सिस्टर कुठल्या हिशोबानं
माझं नाव म्हाताऱ्यांच्या यादीत लिहून गेली?

सुईचं भय नाही मला.
पानं कापताना कात्री कितीदा बोटात गेली,
वर तंबाखूच दाबली
आणि पुढची विडी वळली.
भय नाही.
राग आहे, त्या यादीचा.

आणि सत्तव्वाचं आहेच.
गेल्या साली तिनं टोचून घेतलं,
अकराव्या दिवशी न्हाणीत पाय घसरला, गेली.
न्हाणीत शेवाळ होतं, मला ठाऊक आहे,
मीच दहादा म्हटलं होतं, सत्तव्वा, घासून घे गं.
तरी रात्री मनात मोजते तेव्हा
आधी सुई येते, मग सत्तव्वा.
शेवाळ मध्ये कुठेच येत नाही.

पोरगा पुण्याहून फोन करतो,
"अम्मा, घेऊन टाक."
जसं गॅसचं बुकिंग.
मी म्हणते, माझा खोकला तंबाखूचा,
चाळीस वर्षांचा, ओळखीचा,
त्याला घर माहीत आहे, येतो, बसतो, जातो.
नवा कोण येणार माझ्याकडे?
तो म्हणतो, तुला काही झालं तर मला रजा मिळत नाही.
मग दोघंही गप्प.
फोनचे पैसे पडत नाहीत हल्ली, म्हणून बराच वेळ गप्प.

मंगळवारी मार्कंडेयाच्या देवळामागच्या हॉलात शिबिर.
ज्यानं यमाला दारातून परत धाडला, त्याच्या पाठीशी.
त्याला कुठे सुई लागली होती?
मी बघायला गेले. फक्त बघायला.
तसं चार जणींना सांगून गेले.

खुर्च्यांच्या ओळीत तिसरा,
बाही दंडावर गुंडाळून,
इराबत्ती चेकर.
तोच. ज्यानं सत्तावीस वर्षं
माझ्या हजारातून दीडशे छाट काढली,
वर न बघता, दोन बोटांनी.
आता त्याचाच दंड
न भिजवलेल्या पानासारखा,
हात लावला तर तडकेल.
गुडघा हलत होता, खाली माग असल्यागत.
मला ओळखलं की नाही, कळेना.
म्हणाला, "मोठी असते का हो सुई?"

म्हणणार होते, सत्तव्वाला विचार.
जिभेवर आलं होतं.
सत्तावीस वर्षांचे ते दीडशे-दीडशे
घशाशी आले होते.
पण निघालं ते,
"छे, मुंगी चावल्यागत.
एक दिवस हात दुखतो, मग काही नाही.
न्हाणीत जपून जावं, एवढंच."

कुणी सांगितलं होतं मला हे?
मी माझंच ऐकत होते
शेजारणीचं ऐकावं तसं,
आणि ती बाई खोटं बोलत नसावी
असं वाटत होतं.

तो म्हणाला, "तुम्ही घेतली?"

आता काय सांगू.
त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

सिस्टरनं जन्मतारीख विचारली.
म्हटलं, लिही, एक जानेवारी.
साल तिनं कार्डावरून उतरवलं.
मी भांडले नाही.

बुधवारी दंड जड. सुपात सहाशेच विड्या.
त्यातल्या चाळीस मीच बाजूला काढल्या.
सैल होत्या.

रात्री खोकला आला, ओळखीचाच.
जरा वेळ कान देऊन पडले,
त्याच्या मागून आणखी कुणी येतंय का.
मग उठले, दिवा लावला,
न्हाणी घासून काढली.
माझी न्हाणी स्वच्छच असते.
तरी.